खुणेची भाकरी

माझ्या सुनेच्या फ्रीजरमध्ये या घटकेला चार पिझ्झे आहेत. चारही प्रकार मी खाऊन पाहिलेत, त्यामुळे माझं मत ऐकीव नाही. एकाची पोळी पुठ्ठ्यासारखी आहे. दुसऱ्याचं चीज गरम झालं की मेणबत्तीसारखं वाहतं आणि गार झालं की मेणबत्तीसारखंच थिजतं. तिसऱ्यावर मक्याचे दाणे आहेत. ते तिथे कशासाठी आहेत हे करणाऱ्यालाही माहीत नसावं. चौथा पातळ पोळीचा, नुसता कांदा आणि ढोबळी मिरची घातलेला, त्यातल्या त्यात बरा. माझा आवडता म्हटलं तरी चालेल, म्हणजे त्याचं काहीतरी करता येतं. खोक्यावरच्या सूचना वाचायच्या नाहीत. त्या लिहिणाऱ्याने तो पिझ्झा खाल्लेला नसतो. जाड लोखंडी तवा घ्यायचा, आच मंद ठेवायची, वर झाकण आणि कडेने तव्यावर चार थेंब पाणी, म्हणजे वरचं वाफेने वितळतं आणि खालची पोळी कडक होते. सोबत आलेली वाळल्या पानांची पुडी कचऱ्यात. झाकण काढलं की उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी भुरभुरायची आणि आच बंद केल्यावर कच्चा कांदा. सून म्हणते, आई, हा पिझ्झा राहिलाच नाही. मी म्हणते, म्हणून तर तो खाल्ला जातोय.

जुळे सोलापुरातल्या या तिसऱ्या मजल्यावर मला कुणी पाककलेचं प्रमाणपत्र दिलेलं नाही. दुसऱ्याच्या हातची, साठवणीतली, निर्जीव वस्तू घरी आणून तिला माणसात आणायची ही विद्या मी मॅट्रिकच्या वर्षी शिकले, आमच्या घरात कडक भाकरी विकत आणावी लागली त्या तीन महिन्यांत. तेव्हा केलेली वही अजून माझ्याकडे आहे. तिची पानं पिवळी पडली आहेत, पण अक्षर आजच्या माझ्या अक्षरापेक्षा चांगलं आहे.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, धान्याचं दुकान, मागे आम्ही. शेजारच्या पद्मशाली घरात माग चालायचे, त्यांची खटखट दिवसभर भिंतीतून यायची आणि एखाद्या दुपारी ती थांबली की काहीतरी बिघडल्यासारखं वाटून आम्ही मान वर करायचो. त्या खटखटीवर आमच्या अव्वाची, म्हणजे आईची, थपथप चालायची. आठवड्यातून एक दिवस ती भाकरीला बसे. मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ, कढत पाणी, आणि परातीत फिरत फिरत मोठी होत जाणारी भाकरी, इतकी पातळ की उजेडाकडे धरली तर पलीकडची बोटं दिसत. तव्यावर भाजून झाली की ती चुलीच्या कडेला कलती ठेवायची, वरून फडक्याच्या बोळ्याने दाबत राहायचं, म्हणजे ती न वाकता सपाट वाळते. अशी भाकरी महिनाभर राहते. मोडली की कट् असा आवाज येतो. दह्याबरोबर, लोण्याबरोबर, भरल्या वांग्याबरोबर, किंवा नुसती चटणी आणि करडईचं तेल घेऊन आम्ही ती खायचो आणि याहून वेगळं काही खाणाऱ्या माणसांची आम्हाला मनातून कीव यायची. दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, आली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका रडल्या. त्या पिठाला चिकटपणा म्हणून नव्हता. अव्वाने तिचीही भाकरी थापून दाखवली. ती खाताना कुणाला आनंद झाला नाही, पण ती तुटली नाही.

विकतची भाकरी खाणारं घर म्हणजे अव्वाच्या लेखी चूल नसलेलं घर. बाजारात काही बायका कडक भाकऱ्या चवडीने विकत, त्यांच्या पुढून जाताना ती पदर नाकाला लावायची, जणू तिथे मासे मांडलेत. हा तिरस्कार मी तिच्याकडून जसाच्या तसा उचलला. आमच्यात वारशाने आलेली तीच एक गोष्ट मी नीट सांभाळली आहे.

माझी थोरली बहीण, सुवर्णाक्का, हा या घरातला अपवाद होता. ती शाळेत गणित शिकवायची आणि अपूर्णांक असे समजावून द्यायची की मठ्ठ पोरगंही मान हलवी. पण तिची भाकरी पाटीसारखी व्हायची. जाडीला आणि रंगालाही. मला निदान साधी रोजची भाकरी येत होती. अक्काच्या हातात पीठ गेलं की त्याला कळायचं, ही आपली नव्हे. याच कारणावरून तिची दोन स्थळं मोडली होती. दोन्ही वेळा पाहुण्यांनी मुलीच्या हातची भाकरी मागितली, दोन्ही वेळा तिने ती प्रामाणिकपणे केली, आणि दोन्ही वेळा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

तिसरं स्थळ दुधनीचं. घरचा आडतीचा व्यापार, मुलगा मात्र सोलापुरात पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, दुधनीहून रोज गाडीने ये-जा करणारा. त्याने मध्यस्थाकरवी आधीच कळवलं होतं की मुलीने लग्नानंतर शाळा सोडायची गरज नाही. असं म्हणणारा मुलगा त्या काळात आमच्या पाहण्यात दुसरा नव्हता. त्या आठवड्यात अक्का वह्या तपासताना गुणगुणायची, आणि ती गुणगुणते हे आम्हाला तेव्हाच कळलं. अडचण मुलाच्या आईची होती. मध्यस्थ म्हणाले, बाई कडक आहेत. त्यांच्या घरात बाजारची भाकरी उंबऱ्याच्या आत आलेली नाही, आणि सून त्याच तोलाची हवी. पुढच्या महिन्यात रविवारी जेवायलाच येतात.

याच सुमारास अव्वा न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत आलं. ती चुलीपाशी पाटावर बसून हात छातीशी धरायची आणि आमच्या भाकऱ्यांकडे बघून तोंड फिरवायची. आठ दिवसांनी अप्पांनी, बायकोकडे न बघता, मला विकतच्या भाकरीची चौकशी करायला सांगितलं. अव्वा त्या दिवशी जेवली नाही.

मी काम नीट करायचं ठरवलं. दोनशे पानी वही घेतली आणि बाजारात मिळणारी प्रत्येक भाकरी आणून तपासली. पहिल्या ठिकाणच्या भाकरीला रॉकेलचा वास. स्टोव्हवर भाजतात आणि वर सांगतात चुलीवरची. दुसऱ्या ठिकाणी दातात खर, म्हणजे जात्याच्या दगडाची कचकच, लागायची. तिसऱ्या बाईचं पीठ जुनं, विरी गेलेलं, चिकटपणा न उरलेलं, भाकरीला कडेने भेगा. चौथी मधे ओलसर, दोन दिवसांत बुरसटणार. प्रत्येकीपुढे मी दोष लिहिला आणि जिथे जमेल तिथे उपाय. वास असेल तर निखाऱ्यावर वरवर शेकावी. ओलसर असेल तर मंद तव्यावर फडक्याने दाबत पुन्हा वाळवावी. कोरडी ठाक असेल तर करडईच्या तेलाचं बोट फिरवून गरम करावी, तेल मुरलं की चव परत येते. अगदीच हाताबाहेर गेलेली असेल तर कुस्करून दह्यात भिजवावी, वर लसूण-मिरचीची फोडणी. खर असेल तर उपाय नाही, गाईला घालावी. गाईनेही एकदा तोंड फिरवलं, तेही मी लिहून ठेवलं आहे.

शेवटी सापडली बसव्वा. स्टेशनकडच्या गल्लीत एका खोलीत राहणारी, उंच, हाडकुळी बाई. चुलीवरच भाजायची, आणि तिची भाकरी मला मान्य करावी लागली. अव्वाच्या तोलाची नव्हे, पण तिला नावं ठेवायला मला तीन दिवस लागले. वीस भाकऱ्यांची एक चवड, फडक्यात बांधलेली. विसावी ओली असतानाच ती तिची कड अंगठ्याने दाबायची. तिथे अर्धचंद्रासारखी खाच पडे, जणू कुणी चावा घेतलाय. वीस झाल्या, चवड संपली, पुढची सुरू, एवढंच त्या खुणेचं काम. ती खुणेची भाकरी सगळ्यात वर असायची. मी तिला म्हटलं, खूण नसलेल्या देत जा, घरात बरं दिसत नाही.

ती हसली. "माजी मोजणी तुमच्यासाठी बदलू व्हय? खुणेची काढून ठेवा की. दुसऱ्या करतात तसं."

दुसऱ्या म्हणजे कोण, मी विचारलं. तिने सांगितलं की सकाळच्या पॅसेंजरने तिच्या चवडी गावोगावच्या मोठमोठ्या घरांत जातात आणि त्या घरांतल्या बायका पाहुण्यांना सांगतात की आमच्याच चुलीवरच्या. नावं मात्र सांगायला ती तयार नव्हती. नाव सांगितलं तर धंदा बसंल, म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली. त्या न पाहिलेल्या बायकांबद्दल मला इतका तिटकारा वाटला की मी घरी येईपर्यंत मनात त्यांना एकेक करून दोष लावत होते. घरी येऊन मी रविवारचा बेत आखायला बसले.

कारण बेत तोच होता, जो त्या बायकांचा. अव्वाचा हात मोडलाय असं पाहुण्यांना सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग मुलगी कशाला आहे? म्हणून मी दोन चवडी आणल्या. एक पाहुण्यांसाठी, एक आठवडाभर घरात खायला. मध्यस्थांनी पाच माणसं येतील असं सांगितलं होतं. पहिल्या चवडीतली खुणेची मी बाजूला काढली, उरलेल्या एकोणीस मंद आचेवर पुन्हा शेकल्या, तेलाचं बोट फिरवलं, त्यांतल्या दोन भाकऱ्यांच्या कडा निखाऱ्यावर किंचित करपवल्या, कारण घरची भाकरी कुठेतरी करपलेली असते. अव्वा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन हे सगळं बघत होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा विकतची भाकरी हातात घेतली, मोडली, कट् आवाज ऐकला, आणि म्हणाली, "पाणी कढत घेते बाई." बसव्वाला तिच्याकडून मिळालेली ती एवढीच शाबासकी, आणि ती मी कधी पोचवली नाही.

अक्काला मात्र हे पसंत नव्हतं. मी तिला सांगितलं, तू फक्त वाढ, मान खाली घाल, कुणी काही म्हटलं तर हस. ती म्हणाली, "कुणी विचारलं नाही तर मी बोलणार नाही. पण विचारलं तर खरं सांगणार. रोज चाळीस पोरं बसतात माझ्यापुढं." मी तिला मूर्ख म्हटलं. तिने ते नाकारलं नाही, आणि साडी इस्त्री करायला गेली.

रविवारी पाचाऐवजी अकरा माणसं उतरली. मुलगी बघायला जायचं म्हटलं की काही घरांतून नात्यातले सगळे बेकार पुरुष बाहेर पडतात, तसे ते होते. दोन चुलते, एक मेहुणा, एक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा एका कोपऱ्यात बसून अप्पांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. त्याची आई, चन्नम्माकाकू, ठेंगणी, भरदार, इरकलीत घट्ट बसवलेली बाई. आल्या आल्या त्यांनी आमच्या चुलीकडे, मग उखळाकडे, मग अव्वाच्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि जे वाटलं होतं तेच बोलल्या. "बरं झालं, मुलगी हाय हाताशी."

माझ्या बेतात काकूंचं पान पहिल्या पंगतीत होतं. तो बेत त्यांनी मोडला. आधी पुरुष, मग बायका, म्हणाल्या. पुरुष बसले आणि मी डोळ्यांदेखत माझी मेहनत संपताना पाहिली. भरलं वांगं, मटकीची उसळ, दही, आणि कट् कट् कट् अशा माझ्या एकोणीस भाकऱ्या. तो अनोळखी पाहुणा एकटाच चार खाऊन ढेकर देत उठला. काकू पंगतीमागून फिरत होत्या. एकाच्या ताटातला तुकडा उचलून त्यांनी तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "याला म्हणायचं भाकरी. बाजारची मी डोळे झाकून वळखते. तिला माणसाचा हात नसतो बघा. आमच्या घरात ती येत न्हाय." मी आत उभी राहून मनातल्या मनात त्यांची नोंद केली. दोष, गर्व. उपाय, नाही.

बायकांची पंगत बसायच्या आधी टोपली रिकामी झाली. दुसरी चवड कपाटात होती. शेकायला वेळ नव्हता, तेलाचं बोट फिरवायलाही नव्हता. मी फडक्याची गाठ सोडली, चवड तशीच टोपलीत ठेवली आणि टोपली अक्काच्या हातात दिली. अक्काने पहिलं ताट काकूंचं म्हणून वरची भाकरी त्यांना वाढली. ती ताटात पडली तेव्हा मी दारातून पाहिलं. कडेला अर्धचंद्राची खाच.

मला वाटलं, असू दे, ही खूण बसव्वाच्या गिऱ्हाइकाशिवाय कुणाला ठाऊक? काकू म्हणतील, कुणी चावली का. तेवढ्यात काकूंनी मान वर करून अक्काला विचारलं. सरळ, सगळ्यांसमोर.

"सुवर्णा, या भाकऱ्या तू केल्यास?"

अक्काने चटणीचं भांडं खाली ठेवलं. ती भांडं खाली ठेवते म्हणजे ती उत्तर देणार, हे मला माहीत होतं. अव्वाने डोळे मिटले.  मुलाने कॅलेंडर सोडून इकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "काकू, खरं सांगायचं तर"

काकूंची नजर उत्तराची वाट बघत ताटाकडे गेली होती. त्यांनी भाकरी उचलली. त्यांचा अंगठा आपसूक त्या खाचेत जाऊन बसला, आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी ती कड, खाचेसकट, कट् करून मोडली, चटणीत बुडवली आणि खाल्ली. तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पोरीला किती प्रश्न इचारायचे? दही वाड."

अक्का तरीही उभी होती. वाक्य अर्धं सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. काकूंनी स्वतःच वाटी पुढे केली. "दही म्हटलं नव्हं मी?" मग अक्काने दही वाढलं.

जेवणानंतर काकू हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आल्या. मी टोपली झाकत होते. त्यांनी फडकं उचलून उरलेल्या भाकऱ्या पाहिल्या, एक बोट फिरवून पाहिलं, आणि विचारलं की पहिल्या पंगतीच्या भाकऱ्यांना करडईचं तेल लावलं होतं का. मी हो म्हटलं. 

"मी तिळाचं लावते," त्या म्हणाल्या. "करडईचं बी बरं लागलं." मग पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघता, "आनि चवड उलटी करून सोडायची असती, पोरी. खुणेची खाली जाती. घरच्यांना."

पाठोपाठ ओसरीवर त्यांचा आवाज ऐकू आला. होकार तिथल्या तिथे देत होत्या, आणि सूनबाईची शाळा दुधनीहून लांब पडते म्हणून मुलाने सोलापुरातच खोली घ्यावी असंही सांगत होत्या. मला तेव्हा वाटलं, हा मनाचा मोठेपणा. आता वाटतं, भाकरी न येणारी सून दुधनीच्या चुलीपासून लांब राहिलेलीच त्यांना सोयीची होती. आणि घरातली चवड कुठून येते हे बघणारं आणखी एक माणूसही त्यांना नको असावं. माझ्या मनात काकूंबद्दलचा आदर वाढला असं मी म्हणणार नाही. त्या पुढेही प्रत्येक लग्नकार्यात बाजारच्या भाकरीला नावं ठेवत राहिल्या, मोठ्याने, आणि मी दर वेळी समोर बसून मान डोलावली. अक्काने सेवानिवृत्तीपर्यंत गणित शिकवलं आणि ते अर्धं वाक्य तिने नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पुरं करून सांगितलं. तो म्हणाला म्हणे, आईच्या घरी कपाटात मी लहानपणापासून ते फडकं बघतोय.

परवा सुनेच्या मैत्रिणी आल्या होत्या. चौथ्या प्रकारचा पिझ्झा मी माझ्या पद्धतीने केला, चटणी, कांदा, सगळं. एकीने मला विचारलं, काकू, घरी केलात? यंत्राने कापलेली ती गुळगुळीत गोल कड मी आधीच दोन ठिकाणी मोडून ठेवली होती. मी म्हटलं, दही वाढू का?

त्या वहीत शेवटच्या पानावर, दोषांच्या आणि उपायांच्या खाली, एकच ओळ आहे, बाकीच्या अक्षरापेक्षा जरा घाईत लिहिलेली. चवड उलटी करून सोडावी. सगळ्या वहीत तेवढाच उपाय माझा नाही, आणि आजवर कामी आला तो तेवढाच.